सेटिंग बदलली, तरी फरक पडत नाही? आधी फोल्डरमधली जुळी फाइल शोधा

माझ्या प्रिंटिंगच्या दुकानाची वेबसाइट मी स्वतःच्याच सर्व्हरवर चालवतो. ऐन लग्नसराईत गिऱ्हाइकांचे फोटो अपलोड होईनात. स्क्रीनवर 413 एरर. कारण सोपं होतं: एनजिनएक्समध्ये अपलोडची मर्यादा मुळात 1 एमबी असते. मी 'दुकान' नावाच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ' 20 एमबी केलं, रीलोड केलं. तरी तेच! दोन दिवस गेले, पत्रिकांच्या दोन ऑर्डर हातच्या गेल्या.

चूक माझीच होती. बदल करण्याआधी मी त्याच फोल्डरमध्ये 'बॅकअप-दुकान' नावाची कॉपी ठेवली होती.

हे का घडतं, ते समजून घ्या. उबुंटू आणि डेबियनवर एनजिनएक्स 'साइट्स-एनेबल्ड' फोल्डरमधल्या फाइली वाचतो, शेवटी डॉट कॉन्फ असो वा नसो. वाचतो तेही नावाच्या क्रमाने. इंग्रजीत बी आधी, डी नंतर. म्हणजे जुनी कॉपी आधी वाचली गेली. एकाच पोर्टवर एकच सर्व्हर नेम दोनदा आलं, की पहिलं चालतं आणि दुसरं दुर्लक्षित होतं. सर्व्हर बंद पडत नाही, म्हणून आपल्याला पत्ताच लागत नाही.

आता शोधायचं कसं?

1. 'सुडो एनजिनएक्स -टी' चालवा, टी स्मॉल. शेवटी 'सक्सेसफुल' दिसलं म्हणून खूश होऊ नका. वरची ओळ वाचा. तिथे 'कॉन्फ्लिक्टिंग सर्व्हर नेम… इग्नोअर्ड' असेल, तर जुळी फाइल असण्याची शक्यता आहे.

2. आता टी कॅपिटल करून तीच कमांड द्या. वाचलेला सगळा मजकूर दिसेल, प्रत्येक फाइलच्या वर तिचा पत्ता. त्यात तुमचं डोमेन शोधा. पोर्ट 80 आणि 443 साठी वेगवेगळे ब्लॉक असतील तर चालतं; एकाच पोर्टवर दोनदा नको.

3. जुनी फाइल डिलीट करू नका, फोल्डरबाहेर हलवा. पुन्हा टेस्ट करा, वॉर्निंग गेली की मगच रीलोड.

दुकानात जुनं रेटकार्ड नव्याशेजारी टांगून ठेवलं, तर गिऱ्हाईक जुनाच भाव मागणार ना? तसंच हे. बॅकअप जरूर घ्या, पण तो दुसऱ्या फोल्डरमध्ये. आजच एकदा टेस्ट चालवून बघा!