अक्षर बदलले, तर दरही बदला

श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या आपल्या किनाऱ्यावरची कितीतरी मुले-मुली दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकतात. अकरावीला विज्ञान शाखेत गेली की गणित एकदम इंग्रजीतून समोर येते आणि बारावीत ‘इंटिग्रेशन’ आले की धीर सुटतो. मग सूत्रे पाठ करणे सुरू होते. अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेत मात्र पाठांतर फार दूर नेत नाही.

खरे तर उर्दूतून आलेल्या मुलांच्या हाती एक जमेची बाजू असते. डिफरन्सिएशनला उर्दूत ‘तफर्रुक’ म्हणतात, म्हणजे ‘फर्क’चाच भाऊ. इंटिग्रेशनला ‘तकम्मुल’ म्हणतात; ‘मुकम्मल’ शब्द त्याच घरातला. एकात बारीक फरक पाहायचा, दुसऱ्यात तुकडे जोडून पूर्ण करायचे. सुमारे हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम यांनी परवलय फिरवून तयार होणाऱ्या आकाराचे घनफळ असेच पातळ चकत्यांच्या बेरजेने काढले होते. पुढे १६७५ मध्ये लायब्नित्स यांनी अशा बेरजेसाठी लांबट ‘एस’चे चिन्ह वापरले. त्या चिन्हाच्या शेवटी येणारा ‘डीएक्स’ म्हणजे जणू चकतीची जाडी. मुले त्याला शोभेची शेपटी समजतात, आणि तिथेच घोळ होतो.

दिनारांचा हिशेब

उदाहरण घेऊ : २ एक्स गुणिले (एक्स वर्ग अधिक १) चा पाचवा घात, याचे इंटिग्रेशन करायचे आहे. कंसातल्या राशीला ‘टी’ म्हणू. पण नुसते नाव बदलून भागत नाही.

अब्बा कुवेतहून दिनार पाठवतात, घरखर्च रुपयांत चालतो. एकाच वहीत भाडे दिनारांत आणि तांदूळ रुपयांत लिहून बेरीज केली तर ती चुकणारच. आधी दर विचारावा लागतो. एक्सवरून टीवर जातानाचा दर डिफरन्सिएशन सांगते. इथे तो २ एक्स आहे, म्हणून ‘डीटी’ बरोबर २ एक्स डीएक्स. बाजारात दर रोज बदलतो, इथे तो एक्सप्रमाणे बदलतो.

आता २ एक्स डीएक्सच्या जागी डीटी आला. उरला फक्त टीचा पाचवा घात. उत्तर : टीचा सहावा घात भागिले ६, अधिक स्थिरांक. शेवटी टीच्या जागी पुन्हा एक्स वर्ग अधिक १ लिहायचे.

समजा, २ एक्सऐवजी नुसता एक्स असता तर? काही बिघडत नाही. २ हा आकडा आहे, बाहेर १/२ लिहून तोल साधता येतो. पण एक्सच नसता तर तो बाहेरून आणता येत नाही. तेव्हा ही वाट सोडून कंसाचा विस्तार करावा. ‘कोणत्या भागाचा तफर्रुक शेजारीच बसला आहे?’ हा प्रश्न आधी विचारायची सवय लागली की निम्मे काम झाले.

सीमा दिलेल्या असतील तर त्याही बदलाव्या लागतात. याच उदाहरणात एक्स ० ते १ असेल, तर टी १ ते २ होतो आणि उत्तर १०.५ येते. सीमा तशाच ठेवल्या तर १/६ येईल. केवढा फरक!

पालकांसाठी

हे गणित आपल्याला येत नसले तरी मुलाजवळ बसून तीन प्रश्न विचारता येतात : टी लिहिल्यावर कुठे एक्स शिल्लक राहिला का? डीएक्सचा दर लावला का? आणि आलेल्या उत्तराचा तफर्रुक काढून मूळ राशी परत मिळते का पाहिले? तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. आपले उत्तर स्वतः पडताळणाऱ्या मुलीला गाइडमधल्या उत्तराची वाट पाहावी लागत नाही. इल्मवरचा असा भरवसा तिला परीक्षेच्या खोलीतही साथ देतो.