डोंगरावरची झोळी : ठेंगण्या भगिनींसाठीं

झोळी हा शब्द कानीं पडतांच आपल्या डोळ्यांपुढें दोन चित्रें उभीं राहतात. एक माधुकरीस निघालेल्या बटूचें, आणि दुसरें शेताच्या बांधावर बाभळीच्या फांदीला बांधलेल्या लुगड्यांत शांतपणें निजलेल्या तान्ह्या मुलाचें. या दोहोंत अलीकडे तिसऱ्या चित्राची भर पडली आहे. पाठीवर पिशवी घेऊन डोंगर चढणारीं तरुण मुलें-मुली रात्रीं दोन झाडांच्यामध्यें नायलॉनची झोळी टांगून तींत सुखानें निजतात. इंग्रजींत तिला ‘हॅमॉक’ म्हणतात. हिंडण्याची हौस केवळ तरुणांनाच असते असें नाहीं. आणि उंच माणसांनाच असते असें तर मुळींच नाहीं. म्हणूनच आज या विषयावर चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमची उंची ४ फूट ११ इंच. आम्ही राहतों सिन्नरास. गांवाच्या नैर्ऋत्येस औंढा व पट्टा या किल्ल्यांची डोंगररांग आहे. इ. स. १६७९ मध्यें जालन्याच्या स्वारीवरून परततांना शिवाजीमहाराजांनीं पट्ट्यावर विश्रांति घेतली व त्याचें नांव विश्रामगड पडलें, ही कथा येथील मुलांना पाठ असते. अशा गडाच्या पायथ्याशीं आपणहि एक रात्र विश्राम करावा, या इच्छेनें दोन वर्षांपूर्वीं मार्गशीर्षांत आम्ही घरच्या व शेजारच्या पांचजणी निघालों. झोळी नुकतीच विकत आणली होती. “एकच माप सर्वांना चालतें,” असें दुकानदारानें सांगितलें, आणि आम्हींहि त्यावर विश्वास ठेविला.

तें माप अकरा फुटी होतें. सांज झाली तेव्हां सोयीचीं म्हणून जीं दोन झाडें मिळालीं, त्यांच्यामध्यें पंधरा फुटांचें अंतर होतें. आमचा हात जेथवर नीट पोंचला तेथें, म्हणजे खांद्याच्या उंचीवर, आम्हीं पट्टे बांधले. झोळी ढोलकीच्या कातड्यासारखी ताणली गेली आणि आंत शिरतांच दोन्ही कडांनीं खांदे आवळले. मग आमच्या उंचपुऱ्या भाचीनें पट्टे वर सरकवून दिले. झोळी सैल झाली खरी, पण तिची बैठक आमच्या कमरेजवळ गेली. मध्यरात्रीं उतरूं गेलों तों पाय जमिनीस लागेनात. तोल गेला आणि आम्ही पालथ्या पडलों. दुखापत थोडकी झाली, पण मनाला फार लागलें. “हें आपल्यासारख्यांचें काम नव्हे,” असें म्हणून झोळी माळ्यावर टाकिली, ती वर्षभर तेथेंच राहिली.

पुढें एकदां शांतपणें विचार करतां ध्यानांत आलें कीं, चूक आमच्या उंचीची नव्हती, मापाची होती. दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा आपल्याला बसला नाहीं तर आपण शिंप्याकडे जातों. अंगाला दोष देत नाहीं. मग झोळीविषयींच असें कां व्हावें?

ही वस्तु मुळांत अमेरिकेंतील आदिवासींची. इ. स. १४९२ मध्यें कोलंबस तिकडील बेटांवर उतरला तेव्हां तेथील लोक अशा जाळीदार झोळ्यांत निजत असलेले त्याला दिसले. ‘हॅमॉक’ हा शब्दहि त्यांच्याच भाषेंतून आला. पुढें खलाशांनीं ती जहाजावर नेली, आणि दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैनिकांना जंगलांत निजण्यासाठीं मच्छरदाणी व छत जोडलेल्या झोळ्या मिळाल्या. मूळच्या लोकांचें एक रहस्य मात्र नवख्यांना ठाऊक नसतें. झोळींत नावेसारखें लांबीच्या रेषेंत निजावयाचें नसतें, थोडें तिरपें निजावयाचें असतें. डोकें मध्यरेषेच्या एका बाजूस व पाय दुसऱ्या बाजूस नेले म्हणजे पाठ जवळजवळ सपाट होते आणि गुडघ्यांवर ताण येत नाहीं.

मापाचा सगळा प्रश्न या तिरपेपणांतून निघतो. तिरपें निजण्यास झोळी अंगापेक्षां बरीच लांब लागते. आपल्या उंचींत सुमारें चार ते पांच फूट मिळवावे, हा ठोकताळा उपयोगी पडतो. सहा फुटी पुरुषास अकरा फूट लागतात तें यामुळेंच. पांच फुटांच्या आंतबाहेर उंची असलेल्या स्त्रीस नऊ ते दहा फूट पुरतात. साडेआठ फुटांखालीं मात्र उतरूं नये; खांदे आवळले जातात. रुंदी साडेचार फुटांहून कमी नसावी, कारण अरुंद झोळींत तिरपें होतांच येत नाहीं. लांब झोळींत झोंप लागत नाहीं असें नव्हे. पण जास्तीचें कापड तोंडावर पडतें, पाठीवरचें ओझें वाढतें आणि मुख्य म्हणजे ती बांधणें अवघड जातें.

तें कसें, हें थोड्या हिशेबानें समजेल. झोळींत माणूस बसल्यावर पट्टे जमिनीच्या समांतर रेषेशीं तीस अंशांचा कोन करीत असावेत, हें उत्तम. या कोनांत प्रत्येक पट्ट्यावर सुमारें आपल्या वजनाइतका ताण येतो. पट्टे ताणून पंधरा अंशांवर आणले तर तो जवळजवळ दुप्पट होतो, दहा अंशांवर तिप्पटीच्या जवळ जातो. पंचेचाळीस किलो वजनाच्या बाईचा एकेका झाडावर सव्वाशे किलोंहून अधिक भार! आतां अकरा फुटी झोळीला झाडांमध्यें बारा-तेरा फूट अंतर सोयीचें असतें, आणि तीस अंश साधावयाचे तर पट्टे पांच फूट किंवा त्याहून उंच बांधावे लागतात. तेंच अंतर पंधरा फूट झालें कीं ही उंची पावणेसहा फुटांच्या पुढें जाते. नऊ फुटी झोळी साडेदहा-अकरा फुटांत मावते आणि तिचे पट्टे सवाचार-साडेचार फुटांवर बांधले तरी पुरतात. म्हणजे गांठ आपल्या डोळ्यांसमोर येते. टाचा उंचावून अंधारांत चाचपडावें लागत नाहीं. आखूड झोळीचा खरा लाभ हा आहे, आणि दुकानांत तो सहसा कोणी सांगत नाहीं.

कोन दरवेळीं डोळ्यांनीं अजमावण्याची दगदग नको असेल, तर झोळीच्या दोन टोकांना जोडणारी एक बारीक पण मजबूत दोरी कायमची बांधून ठेवावी. तिची लांबी झोळीच्या लांबीच्या सहा भागांपैकीं पांच भाग असावी. नऊ फुटी झोळीस साडेसात फूट. मग झाडें थोडीं जवळ-दूर असलीं तरी झोळीचा झोल तोच राहतो. चष्मा व विजेरी अडकविण्यासहि ही दोरी कामीं येते.

दुसरें माप बैठकीचें. साधारणतः जमिनीपासून अठरा इंच, म्हणजे खुर्चीइतकी उंची सांगतात. पण जिचे पाय खुर्चीवरून लोंबकळतात तिनें हें कां मानावें? भिंतीशीं उभें राहून जमिनीपासून गुडघ्याच्या मागल्या खोबणीपर्यंत माप घ्यावें. आमचें तें पंधरा इंच भरलें. आपण बसल्यावर झोळी तेवढ्याच उंचीवर यावी. आधीं मधोमध बसावें, तळवे जमिनीवर टेकले आहेत अशी खात्री करावी, मगच पाठ टेकून पाय आंत घ्यावेत. उतरतांना क्रम उलटा. दोन्ही टोकांस लाकडी दांड्या असलेल्या दिखाऊ झोळ्या बागेंत शोभतात, पण त्या चटकन उलटतात. प्रवासास त्या घेऊं नयेत.

तालीम घरींच करावी, पण एक सावधगिरी सांगतों. आपल्या वाड्यांतील माजघराच्या झोपाळ्याच्या कड्या भार सरळ खालीं ओढला जाईल अशा बेतानें बसविलेल्या असतात. झोळी भार आडवा ओढते. म्हणून त्या कड्या किंवा ओसरीचे जुने खांब यांच्या भरंवशावर राहूं नये. परसांतील दोन दणकट झाडें बरीं.

ऊब हा विषय आपण विसरतों. झोळीखालून वारा वाहतो, आणि अंगाखालीं चेपलेली गोधडी थंडी अडवीत नाहीं. यासाठीं झोळीच्या बाहेरून, खालच्या अंगास टांगावयाची रजई मिळते. तिच्यांत पूर्ण व पाऊण अशीं दोन मापें असतात. पाऊण मापाची रजई उंच पुरुषाच्या पोटऱ्या उघड्या टाकते, पण ठेंगण्या स्त्रीला ती जवळजवळ पायांपर्यंत पुरते. किंमत कमी, ओझेंहि कमी! ठेंगणेपणाचा एवढा सरळ फायदा दुसरीकडे कोठें मिळाल्याचें आम्हांस आठवत नाहीं. रजई नसेल तर फोमची चटई आंत घालावी. एकंदर ओझें आपल्या वजनाच्या पांचव्या हिश्श्याहून अधिक नसावें. पंचेचाळीस किलोंच्या बाईनें नऊ किलोंवर थांबावें.

मच्छरदाणी अवश्य असावी. वर पाऊस-दंव अडविणारें छत घ्यावें. नऊ फुटी झोळीस दहा फुटी छत पुरतें. पट्ट्यांवर झोळीच्या अलीकडे सुतळीचा तुकडा बांधला म्हणजे पट्ट्यावरून ओघळणारें पाणी तेथेंच गळून पडतें. पट्टे निदान एक इंच रुंद असावेत. बारीक दोरीनें झाडाची साल कापली जाते. झाड जिवंत व मांडीपेक्षां जाड असावें. वर वाळकी फांदी किंवा आग्या मोहोळ नाहीं, बुंध्याला मुंग्यांची रांग नाहीं, हें उजेडांतच पाहून घ्यावें. देवराईंतील झाडास हात लावूं नये. आपल्या किल्ल्यांचे माथे बहुधा उघडे असतात. तेथें झोळीची आशा धरूं नये, पायथ्याचीं झाडें शोधावींत व जागेच्या मालकास विचारावें. कळसूबाई-हरिश्चंद्रगडाचा प्रदेश १९८६ पासून अभयारण्य आहे. तेथें वनखात्याची परवानगी विचारल्यावांचून मुक्काम करूं नये.

हें सर्व समजून घेतल्यावर आम्हीं साडेनऊ फुटी झोळी आणविली आणि गेल्या मार्गशीर्षांत पुन्हां त्याच पायथ्याशीं गेलों. या वेळीं झाडें आम्हींच मोजून निवडलीं, पट्टे आमच्याच हातांनीं बांधले; भाची नुसती पाहात उभी राहिली. पहांटे जाग आली तेव्हां पट्ट्याच्या कड्यावर तांबडें फुटत होतें. तळवे खालीं टेकले. जमीन जेथें असावी तेथेंच होती.

घरीं आल्यावर हा सारा वृत्तान्त सासूबाईंना सांगितला. त्या ऐंशीच्या घरांत आहेत. त्यांनीं सगळें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, “अगं, माझ्या आईनें मला झोळींत निजविलें तेव्हां आधीं मला हातावर धरून मापलें असेल, मग लुगडें बांधलें असेल. तुम्ही शिकलेल्या बायका उलट करतां आणि मग पडतां.”

यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. भगिनींनो, डोंगर कोणाची उंची विचारीत नाहीं. आपलें माप मात्र आपणच घेऊन निघावें, एवढेंच या लेखाचें सांगणें आहे.