उपाशीपोटी साखर का वाढते?

रात्री हलके जेवलो, गोड काही खाल्ले नाही, तरी सकाळी उपाशीपोटी साखर वाढलेली कशी? आपल्या अनेक घरांत हा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर बऱ्याचदा यकृतात, म्हणजेच आपल्या जिगरमध्ये असते.

यकृत हे साखरेचे कोठार. पोट रिकामे असताना ते थोडी थोडी साखर रक्तात सोडते. इन्सुलिन त्याला लगाम घालते. ते यकृताच्या पेशीला बाहेरून चिकटते आणि ‘आता पुरे’ हा संदेश आत जातो. मात्र पेशीत चरबी साचू लागली की डायअसिलग्लिसरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ वाढतो. तो एका प्रथिनाला जागे करतो आणि हे प्रथिन इन्सुलिनचा संदेश दारातच अडवते. मग गरज नसतानाही यकृत साखर सोडत राहते.

आपण किती चरबी खातो याइतकेच कोणती खातो हेही महत्त्वाचे. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी ३९ सडपातळ तरुण-तरुणींना ७ आठवडे रोजच्या जेवणाशिवाय केक खायला दिले. काहींचे केक पाम तेलाचे, काहींचे सूर्यफूल तेलाचे. दोन्ही गटांचे वजन सारखेच, सुमारे १.६ किलो वाढले. पण यकृतातील चरबी पाम तेलवाल्यांची कितीतरी जास्त वाढली. हे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे केवळ वजनकाट्यावर विसंबून चालणार नाही.

सूर्यफूल, जवस, अक्रोड, बांगडा यांतील स्निग्धांश पेशीला वेगळा संदेश देतात: चरबी बनवणे कमी कर, जाळणे वाढव. अर्थात तेही बेताचेच हवेत.

मग आपण काय करावे? बिर्याणीतला डालडा, रोजची खारी आणि नानकटाई, इफ्तारची तळलेली भजी-समोसे कमी करावेत. पाकिटावर ‘पामोलीन’ लिहिले आहे का ते पाहावे. शरबतातली साखरही आवरावी, कारण जास्तीच्या साखरेची यकृत चरबीच बनवते. यकृतात चरबी साचली तरी ते सहसा दुखत नाही. म्हणून घरात मधुमेह असेल तर डॉक्टरांना यकृताच्या तपासणीबद्दल जरूर विचारावे.

पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला, ही नबी (स.) यांची शिकवण आपल्या मुलांनाही ठाऊक असते. दस्तरखानावर ती पाळली, तर आपल्या जिगरचाही हक्क अदा होईल.