पडद्याच्या पाठीमागून

पांडू हवालदार डाव्या हाताने सलाम ठोकतो, याबद्दल वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत माझ्या मनात शंका नव्हती. दादा कोंडकेंचा १९७५चा तो पिक्चर मी पिंपरीच्या आमच्या कॉलनीत गणपतीत तीनदा पाहिला होता, आणि तिन्ही वेळा पडद्याच्या मागे बसून. पुढे पुण्यात थिएटरात तो चक्क उजव्या हाताने सलाम करताना दिसला, तेव्हा रीळ उलटं घातलंय असं म्हणून मी शेजारच्याशी वाद घातला.

मागे बसण्यात हौस काही नव्हती. संध्याकाळी सहालाच बायका बारदानं, सतरंज्या टाकून, कोपऱ्यांवर विटा ठेवून समोरची जागा धरायच्या. आम्ही पोरं वळसा घालून पलीकडे जायचो. मांजरपाटाचा पडदा दोन बांबूंना सुतळीने बांधलेला असे. वारा सुटला की पडदा फुगे आणि हिरॉइनचे गाल सुजत. बाबांची सेकंड शिफ्ट असली की ते डबा हातात घेऊन परस्पर मैदानातच येत. त्यामुळे त्यांना बहुतेक पिक्चरांचे शेवट पाठ होते, सुरुवात एकाचीही ठाऊक नव्हती. मरेपर्यंत ते आईला विचारायचे, "पण हा तुरुंगात गेलाच कशाला?"

रिवाजाप्रमाणे इतिहास उरकून घेतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात एमआयडीसी, आकुर्डीला बजाज, मग टेल्को. १९७०ला नगरपालिका, १९८२ला महापालिका. सिनेमाकडून म्हणाल तर ७ जुलै १८९६ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात पहिला खेळ, ३ मे १९१३ला फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र', १९३३ला प्रभात कोल्हापूरहून पुण्यात. या शहराबद्दल लिहिणारे कारखान्यांची यादी न चुकता देतात, गणपतीतल्या पडद्यांची मात्र कुणी देत नाही. माझी तक्रार एवढीच. झाला इतिहास.

तर पडद्याची मागची बाजू. पातळ कापडातून थोडा उजेड आरपार जातो, म्हणून चित्र मागूनही दिसतं. जरा फिकं आणि आरशातल्यासारखं उलटं. नावांच्या पाट्या वाचता येत नाहीत. नायिकेचा पदर उजव्या खांद्यावर. हे आमच्या कॉलनीचंच दारिद्र्य, असं मी पुष्कळ वर्षं समजत होतो. मग वाचनात आलं, की १९००च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात खुद्द ल्युमिए बंधूंनी अवाढव्य पडदा लावला होता आणि तो दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांना दिसावा म्हणून पाण्याने भिजवून घेत. त्या दिवशी मी बायकोला दोनदा चहा करून पाजला.

मागच्या बाजूचं खरं वैभव वेगळंच होतं. प्रोजेक्टरच्या भिंगाचा उजेड कापडातून थेट डोळ्यांवर येई, त्यामुळे चित्राच्या मधोमध एक पांढरा झगझगीत गोळा दिसे. तुम्ही सरकलात की तोही सरके. मी जरा डावीकडे टेकलो की गोळा नायकाच्या कपाळावर. आमच्यातला बाळ्या पलीकडे बसला असेल तर त्याच्यासाठी तोच गोळा खलनायकाच्या पोटात. पिक्चर एकच, पण दिवा ज्याचा त्याचा.

मशीन सोळा एमएमचं आणि एकच. सोळाशे फुटांचं मोठं रीळ साधारण चव्वेचाळीस मिनिटांत संपे. मग दिवे लागत, ऑपरेटर नवं रीळ ओवेपर्यंत मंडळाचे अध्यक्ष माइकवरून वर्गणी थकलेल्यांची नावं वाचत. बाबांचं नाव आलं की मला पडद्यामागे बसल्याचं समाधान वाटे.

अमिताभ डावखुरा, म्हणजे आमच्या बाजूने उजवा. शाळेत यावरून दोन तट होते, पुढचे आणि मागचे. 'शोले' आमच्याकडे फार उशिरा आला, पण त्यात निदान ठाकूरवरून भांडण झालं नाही. हात कापल्यानंतरचा ठाकूर दोन्हीकडून सारखाच.

थोडं विषयांतर करतो. चाकणकडच्या आजोळी जत्रेत टुरिंग टॉकीजचा तंबू यायचा. तिथे आजीबरोबर 'संत तुकाराम' पाहिला. दामले-फत्तेलालांचा १९३६चा चित्रपट. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गाजला. आजीला व्हेनिस ठाऊक नव्हतं, देहू होतं. पंधरा-वीस किलोमीटरवरचं. विष्णुपंत पागनीस पडद्यावर आले तशी तिने चपला काढून पिशवीत घातल्या. मला वाटलं भक्ती. तिने नंतर सांगितलं, "काल त्या तंबूत दोघींच्या गेल्या."

मागच्या वर्षी, तो तंबू लागायचा तो माळ शोधायला गेलो. कंटेनरांच्या रांगेत रिक्षा पाऊण तास अडकली. जागा सापडली असं म्हणवत नाही. पत्र्याचं मोठं गोदाम आहे आणि त्याच्या कुंपणाबाहेर एक चिंच उभी आहे. ती त्या माळावरचीच असावी, असं मी ठरवून टाकलं आणि परतलो.

त्याच सुमारास डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. रात्री हायवेवर समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दिव्याभोवती पांढरा झगझगीत गोळा दिसे. डॉक्टरांनी विचारलं, त्रास होतो का? मी म्हटलं, ओळखीचा आहे. ऑपरेशन झालं, गोळा गेला.

परवा नातवाला हे सगळं सांगत होतो. त्याने मोबाइलवर 'पांडू हवालदार' लावला, कुठलंसं बटण दाबलं आणि चित्र आरशासारखं फिरवलं. म्हणाला, "आबा, असं?" पांडूने डाव्या हाताने सलाम ठोकला.

बायको लहानपणी चिंचवडला बारदानावर, अगदी पुढच्या रांगेत बसलेली. ती स्वयंपाकघरातून डोकावली. "अहो, त्याला सरळ करायला सांगा ना. सगळं उलटं दिसतंय."

मी नातवाला म्हटलं, राहू दे. मग मोबाइल जरा डावीकडे, जरा उजवीकडे कलवून पाहिला. कपाळावरचा दिवा तेवढा कुठे दिसला नाही.