शोधनिबंध किती, आणि कामाचे किती?

टेंभी नाका म्हटले की ठाणेकरांना देवीबरोबर सिव्हिल हॉस्पिटलही आठवते. घरात मोठे दुखणे आले की कोणत्या डॉक्टरांकडे जावे, याची चर्चा सुरू होते. त्यात कोणीतरी सांगतो, ''त्यांचे दोनशे शोधनिबंध परदेशात छापून आले आहेत!'' एवढे ऐकले की आपण दबून जातो. पण या आकड्याचा नेमका अर्थ काय?

डॉक्टर आपल्या निरीक्षणांचा किंवा प्रयोगांचा वृत्तांत वैद्यकीय नियतकालिकाकडे पाठवतात. चांगल्या नियतकालिकात तो त्या विषयातील जाणकारांकडून तपासून घेतला जातो व मगच छापला जातो. हा झाला शोधनिबंध. पुढे दुसरा संशोधक लिहिताना त्याचा आधार घेतो, तेव्हा त्या निबंधाचा एक दाखला, म्हणजेच 'सायटेशन' झाले. अमेरिकेत युजीन गारफील्ड यांनी 1964 मध्ये अशा दाखल्यांची पद्धतशीर सूची काढली. 2005 मध्ये हर्श या शास्त्रज्ञाने 'एच-इंडेक्स' सुचवला. एखाद्याचा एच-इंडेक्स 20 आहे, याचा अर्थ त्याच्या 20 निबंधांना प्रत्येकी निदान 20 दाखले मिळाले आहेत.

महाडचे उदाहरण

आपल्या कोकणातलेच उदाहरण घेऊ. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेले रुग्ण तेथे येत. मांत्रिकाकडे विंचू उतरवण्यात वेळ गेलेला असे आणि दवाखान्यातही नेमका उपाय हाती नव्हता. डॉक्टरांनी रुग्णाशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, उलट्या यांच्या नोंदी ठेवल्या. हे विष शरीरातील मज्जातंतूंना चेतवते, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी साचते, हे त्यांच्या लक्षात आले. धोक्याची आगाऊ लक्षणे सांगणारा त्यांचा निबंध 1982 मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये आला. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी रक्तदाबाची 'प्राझोसिन' ही स्वस्त गोळी या रुग्णांना उपयोगी पडते, हा निबंध पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह 1986 मध्ये तेथेच प्रसिद्ध झाला. गंभीर रुग्णांपैकी पूर्वी शंभरात तीस-चाळीस दगावत. ते प्रमाण पुढे एकाच्या आसपास आले, असे त्यांच्या नोंदी सांगतात.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. 2011 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांनी 70 रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. नुसत्या प्राझोसिनपेक्षा त्याबरोबर विंचवाची प्रतिविष लस दिली तर रुग्ण लवकर बरा होतो, हे त्यांनीच दाखवून दिले. आपल्याच उपायाची परीक्षा घेणे, हे खऱ्या संशोधकाचे लक्षण होय. त्यांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली.

आकडा कोठे फसवतो?

विंचूदंश हा मुख्यतः खेड्यातील गरिबांचा आजार. त्यावर लिहिणारे थोडे, म्हणून दाखलेही थोडे. हृदयरोग व कर्करोगावर जगभर हजारो जण लिहितात. त्यामुळे दोन वेगळ्या विषयांतील आकड्यांची तुलना करणे म्हणजे आंबे आणि फणस एकाच मापाने मोजणे होय. शिवाय, दाखला म्हणजे शाबासकीच असे नाही. गोवराच्या लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडणारा वेकफील्ड यांचा निबंध 1998 मध्ये 'लॅन्सेट'मध्येच आला होता. त्यात अवघी 12 मुले होती. शेकडो जणांनी त्याचा उल्लेख केला, पण बहुतेकांनी तो खोडून काढण्यासाठी! 2010 मध्ये तो मागे घेण्यात आला. दरम्यान घाबरून अनेक आईबापांनी मुलांना लस टोचलीच नाही. त्याशिवाय, पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकेही आता पुष्कळ निघाली आहेत.

म्हणून आकडा ऐकल्यावर तीन प्रश्न विचारावेत. निबंध तपासणी करून छापणाऱ्या नियतकालिकात आला आहे काय? इतरांनी पडताळून तसाच निष्कर्ष काढला आहे काय? आणि त्यातून रुग्णावरील उपचारात काही फरक पडला काय? उत्तम संशोधक हा उत्तम शल्यविशारद असेलच असे नाही आणि एकही निबंध न लिहिलेला आपला फॅमिली डॉक्टर निष्णात असू शकतो, हेही विसरू नये.

जाता जाता, कामाची सूचना : विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे किंवा धाप लागणे यांपैकी काहीही दिसले, तर वेळ न दवडता इस्पितळ गाठावे. लहान मुलाला तर लक्षणांची वाट न पाहता न्यावे. प्राझोसिनने रक्तदाब एकदम उतरू शकतो. ती गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असते, आपल्या मनाने नव्हे.