बंपरचा बोल्ट : जुन्या व्हॅनसाठी अचूक निवड

जुन्या व्हॅनचा बंपर सहसा थेट सांगाड्यावर बसत नाही. सांगाड्याला आधी लोखंडी ब्रॅकेट जोडलेली असते आणि त्या ब्रॅकेटवर बंपर बसतो. म्हणजे जोड दोन, आणि दोन्ही जोडांचे बोल्टही बहुधा वेगळे. ब्रॅकेट आणि सांगाडा यांच्यामधला बोल्ट नजरेआड असतो. त्याच्यावर भार जास्त, चिखल-पाणीही जास्त. बंपर आणि ब्रॅकेट यांच्यामधल्या बोल्टाचा माथा मात्र समोरून दिसतो, म्हणून त्याच्याकडून ताकदीबरोबर दिसण्याचीही अपेक्षा असते. पन्नास-साठ वर्षांनी गाडी उघडली की यातले काही बोल्ट गंजून तुटतात आणि काही हरवलेले असतात. उरलेल्यांच्या जागी मधल्या काळात कुणीतरी हाताला लागेल ते ठोकलेले असते. नवा बोल्ट निवडताना पाच गोष्टी ठरवाव्या लागतात: व्यास, आट्यांचे अंतर म्हणजे पिच, माथ्याचा आकार व लांबी, पोलादाची प्रत आणि वरचा मुलामा.

गाडी आणि तिचे बंपर

जगभरात सर्वाधिक जतन होणाऱ्या जुन्या व्हॅनमध्ये फोक्सवागन टाइप २ चे नाव वरच्या ओळीत येते. डच आयातदार बेन पॉन यांनी १९४७ मध्ये वहीत काढलेल्या एका रेखाटनातून या गाडीची कल्पना आली. १९५० मध्ये वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात तिचे उत्पादन सुरू झाले आणि १९५६ मध्ये ते हॅनोव्हरला हलले. दुभागलेल्या काचेची पहिली पिढी जर्मनीत १९६७ पर्यंत चालली. त्यानंतर सलग वक्र काचेची दुसरी पिढी आली आणि ती १९७९ पर्यंत टिकली. ब्राझीलमध्ये ‘कोंबी’ या नावाने हीच गाडी २०१३ च्या अखेरीपर्यंत बनत होती.

इतक्या दीर्घ काळात बंपर अनेकदा बदलले. अगदी सुरुवातीच्या गाड्यांना मागचा बंपरच नव्हता. पहिल्या पिढीच्या अमेरिकेत विकल्या गेलेल्या गाड्यांवर मुख्य पट्टीच्या वर नळीचा दुसरा दांडा आणि उभे खुंट असत. युरोपातल्या गाड्यांवर ते सहसा नसत. दुसऱ्या पिढीच्या सुरुवातीच्या गाड्यांत पुढच्या बंपरची टोके वळून पायरीचे काम करत. १९७३ च्या मॉडेलपासून ही पायरी गेली आणि बंपर चौकोनी झाला. प्रत्येक रचनेचे ब्रॅकेट वेगळे आणि छिद्रांच्या जागाही वेगळ्या. म्हणून केवळ ‘टाइप २ चे बोल्ट’ मागून काम भागत नाही. गाडीचे वर्ष, ती कोणत्या बाजारपेठेसाठी बनली आणि बंपर मूळचा आहे की नंतर बदललेला, हे आधी निश्चित करावे लागते. मूळ सुट्या भागांच्या सूचीत बोल्टाचे माप दिलेले असते. फोक्सवागनच्या सूचीत अशा प्रमाणित नट-बोल्टांचे क्रमांक रोमन ‘एन’ या अक्षराने सुरू होतात.

आटे कोणत्या घराण्याचे?

बोल्टाचे आटे गाडीच्या जन्मदेशावर ठरतात. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्यांचे पहिले प्रमाण मांडले. त्यात आट्याचा कोन ५५ अंश होता. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६० अंशांची पद्धत सुचवली. दुसऱ्या महायुद्धात या दोन देशांचे नट-बोल्ट एकमेकांत बसत नसल्याने मोठी अडचण झाली. तेव्हा १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ‘युनिफाइड’ आटे स्वीकारले. त्यांचा जाड प्रकार यूएनसी आणि बारीक प्रकार यूएनएफ. युद्धापूर्वीच्या रचनेच्या ब्रिटिश व्हॅनवर व्हिटवर्थ किंवा त्याचा बारीक प्रकार असलेले बीएसएफ आटे सापडतात, नंतरच्या गाड्यांवर यूएनएफ. संक्रमणकाळातल्या एखाद्या गाडीवर दोन्हीही निघतात. जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि जपानी गाड्या मेट्रिक. भारतात महिंद्राची जीप अमेरिकन विलीजच्या रचनेवरून आली, त्यामुळे ती इंची कुळातली. मारुतीची ओम्नी जपानी कुळातली, म्हणून मेट्रिक.

खरी गल्लत होते ती जवळजवळ सारख्या मापांमुळे. इंचाच्या ५/१६ मापाचा, म्हणजे कारागिरांच्या भाषेत अडीच सुती बोल्ट ७.९४ मिलिमीटर भरतो. एम८ बोल्ट नावाला ८ मिलिमीटरचा असतो, पण प्रत्यक्षात थोडा कमीच भरतो. दोन्ही शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळत नाही. पिच मात्र वेगळे असते. एम८ च्या नेहमीच्या बोल्टात दोन आट्यांमधले अंतर १.२५ मिलिमीटर असते. ५/१६ यूएनसीमध्ये इंचाला १८ आटे, म्हणजे अंतर सुमारे १.४१ मिलिमीटर, यूएनएफमध्ये इंचाला २४, म्हणजे सुमारे १.०६. चुकीचा बोल्ट दोन-तीन फेरे सहज जातो आणि मग अडतो. पाना लावून तो पुढे रेटला की आटे मरतात. ३/८ इंच, म्हणजे तीन सुती बोल्टाची गंमत उलटी आहे. तो ९.५३ मिलिमीटरचा असल्याने एम१० च्या नटात सैल बसतो. हाताला तो लागल्यासारखा वाटतो, पण खऱ्या भाराखाली निसटू शकतो.

माप घेण्याची रीत

व्यास मोजायला व्हर्नियर कॅलिपर आणि पिच मोजायला आट्यांचा गेज पुरतो. गेजची पाती एकेक करून आट्यांवर ठेवून उजेडासमोर धरायची. ज्या पात्यातून फट दिसत नाही तेच पिच. मोजमाप गंजलेल्या टोकावर न घेता माथ्याजवळच्या शाबूत आट्यांवर घ्यावे. शेवटची चाचणी नटाने करावी. ज्याचे माप खात्रीचे आहे असा नवा नट साफ केलेल्या बोल्टावर बोटांनी पाच-सहा फेरे अडथळ्याविना फिरला पाहिजे.

लांबी मोजताना माथा धरायचा नाही. माथ्याच्या खालच्या बाजूपासून टोकापर्यंत मोजायचे. अपवाद फक्त पृष्ठभागात बुडणाऱ्या शंकूमाथ्याच्या बोल्टाचा. त्याची लांबी माथ्यासकट धरतात. बंपरचा पत्रा, ब्रॅकेट, चकत्या आणि नट या सगळ्यांची जाडी मिळवून नटाबाहेर दोन-तीन आटे दिसतील एवढी लांबी योग्य. बोल्ट थेट आटे पाडलेल्या पोलादी छिद्रात जात असेल तर त्याच्या व्यासाइतकी तरी लांबी आत गुंतली पाहिजे.

पान्याचा आकडाही काही सांगतो, पण तो बोल्टाचे माप नव्हे. जर्मन प्रमाणाच्या एम८ ला १३ चा आणि एम१० ला १७ चा पाना लागतो. पन्नाशीच्या दशकातल्या जर्मन गाड्यांवर एम८ ला १४ चा माथाही आढळतो. नव्या आयएसओ प्रमाणात एम१० चा माथा १६ चा झाला. जपानी रचनेत एम८ ला १२ आणि एम१० ला १४. म्हणून ‘१४ चा बोल्ट’ असे सांगून दुकानातून आणलेला बोल्ट एम८ निघेल की एम१०, याचा भरवसा नसतो.

माथ्याचा आकार

दर्शनी जोडासाठी अनेक जुन्या गाड्यांवर गोल घुमटासारख्या माथ्याचा आणि त्याखाली चौकोनी मान असलेला बोल्ट वापरत. मेट्रिकमध्ये त्याचे प्रमाण डीआयएन ६०३. चौकोनी मान बंपरच्या चौकोनी छिद्रात अडकते आणि बोल्ट फिरत नाही. त्यामुळे मागून एकाच पान्याने नट आवळता येतो आणि पुढचा क्रोम माथा ओरखड्यांपासून वाचतो. छिद्र झिजून गोल झाले असेल तर मान फिरत राहते. अशा वेळी छिद्र वेल्डिंगने भरून पुन्हा चौकोनी करणे हाच टिकाऊ उपाय.

ब्रॅकेटच्या बाजूला साधा षटकोनी माथा असतो. तिथली छिद्रे पुष्कळदा लांबट ठेवलेली असतात, म्हणजे बंपर वर-खाली किंवा डावी-उजवीकडे सरकवून सरळ करता येतो. लांबट छिद्रावर नेहमीची पातळ चकती वाकून आत ओढली जाते. तिथे रुंद आणि जाड चकतीच हवी.

प्रत आणि मुलामा

मेट्रिक बोल्टाच्या माथ्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे कोरलेले असतात. पहिल्या आकड्याला १०० ने गुणले की ताणशक्ती मेगापास्कलमध्ये मिळते. दुसरा आकडा त्यातल्या किती हिश्श्यावर पोलाद कायमचे ताणले जाऊ लागते ते सांगतो. म्हणजे ८.८ साठी ताणशक्ती ८०० आणि ताणाची सीमा ६४०. ८.८ प्रतीचा एम८ बोल्ट कायमचा न ताणता सुमारे २१ किलोन्यूटन, म्हणजे दोन टनांहून थोडा अधिक भार सोसतो; ४.६ प्रतीचा तसाच बोल्ट जेमतेम ८ किलोन्यूटन. साठीच्या दशकापर्यंतच्या जर्मन बोल्टांवर हे आकडे नसून ८जी, १०के अशा खुणा असत; ८जी म्हणजे आजचा ८.८ आणि १०के म्हणजे १०.९. अमेरिकन बोल्टाच्या माथ्यावर तीन रेघा असतील तर तो ग्रेड ५, सहा असतील तर ग्रेड ८. माथ्यावर काहीच खूण नसलेला बोल्ट कमी प्रतीचा समजावा. मूळ रूप जपणारे संग्राहक तर कामाक्स, फेर्बुस अशी जुन्या जर्मन बोल्टांवरची नाममुद्राही शोधतात.

बंपरच्या ब्रॅकेटसाठी ८.८ पुरेसा आहे. १०.९ वापरून फायदा होत नाही, उलट विद्युत मुलाम्याच्या प्रक्रियेत हायड्रोजन शिरून जास्त कठीण पोलाद ठिसूळ होण्याचा धोका असतो. स्टेनलेसचा ए२-७० बोल्ट गंजत नाही आणि पॉलिश केला की क्रोमच्या जवळपास दिसतो. पण त्याची ताणाची सीमा ४५० च्या आसपास असते, आणि स्टेनलेस नट आवळताना आटे एकमेकांना चिकटून कायमचे जाम होऊ शकतात. म्हणून त्याच्या आट्यांना जाम होऊ न देणारे वंगण लावणे आवश्यक. व्यवहारात दर्शनी जोडाला स्टेनलेस आणि सांगाड्याच्या जोडाला जस्ताचा मुलामा दिलेला ८.८ ही वाटणी चांगली चालते. मुंबई, कोकण किंवा गोव्याच्या खाऱ्या हवेत जस्ताचा पातळ मुलामा लवकर संपतो. तिथे बोल्ट बसवल्यावर मागच्या बाजूला मेणाचे गंजरोधक फवारावे.

छिद्राची बाजू

नवा बोल्ट आत जात नाही तेव्हा दोष बहुधा छिद्राचा असतो. ब्रॅकेटला किंवा सांगाड्याला वेल्ड केलेला नट गंज, रंग आणि जुन्या मातीने भरलेला असतो. आधी गंज सोडवणारे तेल घालून रात्रभर ठेवावे आणि मग योग्य मापाचा टॅप हाताने फिरवावा, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे. टॅप तिरका लागला तर शाबूत आटेही कापले जातात. आटे संपलेच असतील तर आत तारेची सर्पिल गुंडाळी बसवून मूळ माप परत मिळवता येते. सरळ मोठा बोल्ट ठोकणे हा शेवटचा पर्याय. आरपार छिद्रासाठी एम८ ला ९ मिलिमीटर आणि एम१० ला ११ मिलिमीटर ही प्रमाणित मोकळीक आहे.

बसवताना सगळे बोल्ट आधी हातानेच लावावेत. बंपर दोन्ही टोकांना सारख्या उंचीवर आणून मग ते आळीपाळीने आवळावेत. ८.८ प्रतीच्या कोरड्या एम८ ला सुमारे २५ आणि एम१० ला सुमारे ५० न्यूटन-मीटर आवळ सर्वसाधारणपणे चालतो. वंगण लावले असेल तर तो कमी ठेवावा. गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरावा. काही शे किलोमीटर चालल्यावर जोड पुन्हा तपासावेत, कारण नवा रंग आणि चकत्या दबून आवळ ढिला होतो. बोल्ट कितीही चांगले असले तरी अशा बंपरला दोर बांधून गाडी ओढू नये आणि त्याच्याखाली जॅकही लावू नये.

मिळण्याची ठिकाणे

मेट्रिक ८.८ बोल्ट आता सर्वत्र मिळतात. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर प्रत, लांबी आणि मुलामा सांगून ते निवडता येतात. व्हिटवर्थ आणि बीएसएफसाठी मात्र जुन्या गाड्यांच्या खास विक्रेत्यांकडेही चौकशी करावी लागते. तयार ‘बंपर संच’ घेताना तो मूळ ब्रॅकेटसाठी आहे की नव्याने बनवलेल्या, हे विचारून घ्यावे, कारण छिद्रांच्या मापात दोन्हींत फरक पडतो. आणि नवा बोल्ट बसून आवळला जाईपर्यंत जुना, गंजलेला का असेना, फेकू नये. तो कोणत्या छिद्रातून निघाला हे लिहिलेल्या चिठ्ठीसह पिशवीत ठेवावा आणि खरेदीला जाताना सोबत न्यावा.