भरतातलं तेल, थाळीतली भाकरी

जळगाव-धुळ्याकडे कुणाला शुगर निघाली की घरात पहिला बदल होतो तो चहात. साखर बंद. मग भात बंद, बटाटा बंद, केळं तर नजरेसमोरही नको. माझ्या आईचं असंच झालं. सहा महिने तिने बिनसाखरेचा चहा घेतला, तरी वजन तेवढंच आणि शुगरही जवळपास तेवढीच. कारण सापडलं ते हिवाळ्यात, भरताच्या पातेल्यात.

भरताचं वांगं ही मधुमेहींसाठी फार चांगली भाजी. काड्यांच्या जाळावर भाजलेल्या शंभर ग्रॅम वांग्यात जेमतेम २५ कॅलरी असतात. पण बडगीत मिरची-लसणासोबत ठेचून झालं की वर फोडणी पडते. त्या दिवशी मी तेल चमच्याने मोजलं. आईच्या एकटीच्या वाट्याला मोठे तीन चमचे आले. १५ मिलिलिटरच्या एका चमच्यात सुमारे १२० कॅलरी. म्हणजे पाव किलो वांग्याच्या साठेक कॅलरी आणि तेलाच्या साडेतीनशेहून जास्त! तेलाने शुगर लगेच चढत नाही, म्हणून ते यंत्रावर दिसत नाही. पण त्याने वाढलेलं पोट इन्सुलिनला दाद देईनासं होतं. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली आले. त्यात डॉक्टरांच्या देखरेखीखाली वजन उतरवणाऱ्या गटातल्या जवळपास निम्म्या लोकांची साखर वर्षभराने औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. म्हणून साखरेइतकंच लक्ष एकूण कॅलरींवर हवं. आता आमच्याकडे आईच्या भरताला एक लहान चमचा तेल असतं, मिरच्या वांग्यासोबतच भाजून घेतो आणि कांद्याची पात सढळ हाताने घालतो. शेवभाजी मात्र महिन्यातून एखाद्या वेळी, कारण तिथे तर्रीही तेलाची आणि शेवही तळलेली.

दुसरा समज भाकरीचा. ‘पोळी सोडा, ज्वारीची भाकरी पोटभर खा.’ ज्वारी चांगलीच आहे, पण शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात ३३० च्या आसपास कॅलरी असतात आणि कोंड्यासकट गव्हाच्या पिठातही जवळपास तेवढ्याच. फरक पडतो आकाराने. आपली एक भाकरी सहज ७० ग्रॅम पिठाची होते, म्हणजे सुमारे २३५ कॅलरी. फुलका २५ ग्रॅमचा. तीन फुलके सोडून दोन भाकऱ्या खाणाऱ्याच्या पोटात जवळपास दुप्पट पीठ जातं. त्यातल्या त्यात कळण्याची भाकरी उजवी, कारण दळतानाच उडीद पडल्याने प्रथिनं वाढतात. तीही मोजूनच.

गुळाबद्दल थोडक्यात सांगते. साखर आणि गूळ, दोन्हींच्या एका ग्रॅममध्ये जवळपास ४ कॅलरी, आणि शुगर दोन्हींनी चढते.

केळ्यावर मात्र अन्याय झाला आहे, तोही रावेर-यावलच्या मुलखात. शंभर ग्रॅम गरात सुमारे २३ ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे साधारण एका फुलक्यापेक्षा थोडी जास्त. पिकून काळे ठिपके पडलेलं केळं टाळून, अर्धं केळं मधल्या वेळेला बहुतेकांना चालतं. पोटभर जेवणावर शिकरण चालत नाही.

मग दिवसाचं गणित कसं बसवायचं? वजन जास्त आणि बैठं काम असेल, तर आहारतज्ज्ञ अनेकदा १२०० ते १५०० कॅलरींच्या आसपासचा आराखडा देतात. केळीच्या घडांची वाहतूक करणाऱ्या मजुराला तो पुरणार नाही, आणि गरोदरपणात किंवा मूत्रपिंडाच्या आजारात तर स्वतःच्या मनाने मुळीच ठरवू नये. आईचं दुपारचं जेवण असं असतं: एक भाकरी, वाटीभर घट्ट वरण, कमी तेलाचं भरीत, काकडी-मुळा आणि ताक. सगळं मिळून पाचशेच्या आसपास. चारला मूठभर फुटाणे. रात्री दोन फुलके, पालेभाजी आणि डाळ.

उपवासाला ‘हलकं’ म्हणून साबुदाणा खाल्ला जातो. तो जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिनं नाममात्र. आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलं तर साखर ७० च्या खाली उतरू शकते. घाम फुटला, हात थरथरले तर उपवास तिथेच सोडावा, तीन लहान चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं. उपवास करायचाच असेल तर डोस आधी डॉक्टरांशी बोलून ठरवावा.

आखाजीला ‘एक गोळी जास्त घेतली की झालं’ असं म्हणणारे घरोघरी आहेत. असं करू नका. यंदा आईने खापरावरची पुरणपोळी चतकोर घेतली, रसाची वाटी अर्धीच भरली आणि त्या जेवणातून भाकरी-भात वगळला. नेहमीची गोळी नेहमीच्या वेळी घेतली. दोन तासांनी तपासलं तेव्हा आकडा १८० च्या आत होता, आणि तिने तो स्वतःच्या हाताने वहीत लिहिला.